पापणीचा केस आणि साडेतीन हजार वर्षांची शस्त्रक्रिया

#थ्रेड

१/
डोळ्यात कचरा गेला की माणूस हातातले काम टाकून आधी डोळा धुतो. पण तो कचरा म्हणजे आपल्याच पापणीचा केस असेल, तो जागेवरून हलत नसेल आणि प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळावर घासत असेल तर? असे दिवसातून हजारो वेळा आणि वर्षानुवर्षे घडते, आणि त्यातून अखेर दृष्टी जाते. या दुखण्यावर माणूस किमान साडेतीन हजार वर्षे उपाय शोधत आला आहे. चिमटा, सुई, डागणी, वेळूच्या काड्या आणि शस्त्र अशा वाटांनी झालेल्या त्या शोधाचा हा इतिहास.

२/
प्रथम पापणीची रचना. वरची पापणी दिसायला कातडीची घडी असली तरी ती दोन थरांची असते. पुढच्या थरात त्वचा व स्नायू. मागच्या थरात एक ताठ पट्टी आणि तिला आतून चिकटलेले नाजूक अस्तर. ही ताठ पट्टी पापणीला आकार देते. निरोगी डोळ्यात पापणीची कड बाहेर पाहते आणि केसही बाहेरच्या दिशेने वळतात. मागचा थर आखडला की कड आत वळते आणि तिच्याबरोबर केसही बुबुळाकडे फिरतात. कड आत वळण्याला एन्ट्रोपियन म्हणतात, तर केस डोळ्याला लागण्याला ट्रिकियासिस.

३/
मागचा थर आखडतो कशाने? म्हातारपणी स्नायू सैल पडून बहुधा खालची पापणी आत वळते. भाजण्यामुळे किंवा रसायनामुळेही वण पडतात. परंतु इतिहासात या दुखण्याचे सर्वांत मोठे कारण ट्रॅकोमा हेच होते. मराठीत त्याला खुपऱ्या म्हणतात. पापणीच्या आत उठणारे खुपरे दाणे डोळ्याला सतत खुपतात. लहानपणी हा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, प्रत्येक खेपेला अस्तरावर बारीक वण राहतो, आणि वीस-तीस वर्षांनी त्या वणांचे जाळे आखडून पापणी आत ओढते. रोग बालपणीचा, पण त्याची शिक्षा प्रौढपणी मिळते.

४/
या दुखण्याची सर्वांत जुनी लेखी नोंद इजिप्तमध्ये सापडते. इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एबर्स पपायरसमध्ये डोळ्यांच्या रोगांवर स्वतंत्र भाग आहे. डोळ्याला लागणारे केस उपटावेत आणि ते पुन्हा उगवू नयेत म्हणून त्या जागी लेप लावावा, असा उपचार त्यात आहे. लेपात सरड्याचे व वटवाघळाचे रक्त यांसारखी द्रव्ये येतात. आज ती विचित्र वाटतात, पण उपचारामागचा प्रश्न नेमका आहे. केस उपटणे सोपे असते, अडचण तो पुन्हा उगवण्याची आहे.

५/
हा पुन्हा उगवणारा केस पुढच्या सर्व इतिहासाचा धागा आहे. उपटलेला केस काही आठवड्यांत परत येतो, आणि नव्याने येणारा केस आखूड व टोकदार असल्याने अधिक बोचतो. त्यामुळे चिमट्याचा उपाय आयुष्यभर करावा लागतो. त्यासाठी धारदार नजरेचा दुसरा माणूस लागतो, कारण रोग्याला स्वतःच्या पापणीचा केस धड दिसतही नाही. वैद्यकाने चिमट्यापुढे जाऊन शस्त्र उचलले ते यामुळे.

६/
भारतात हे शस्त्र सुश्रुतसंहितेत दिसते. संहितेच्या उत्तरतंत्रात शालाक्य, म्हणजे मानेच्या वरच्या अवयवांचे रोग, हा विषय येतो. उत्तरतंत्र मूळ ग्रंथाला नंतर जोडले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत आणि त्यांपैकी २१ एकट्या पापणीचे आहेत. या २१ मध्ये 'पक्ष्मकोप' हा रोग येतो. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. केस ताठ, खरखरीत व टोकदार होऊन आत वळतात, डोळ्याला बोचतात, उपटले की आराम पडतो आणि रोग्याला वारा, ऊन व अग्नी सोसवत नाही, असे त्याचे वर्णन आहे.

७/
या वर्णनात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. केस उपटल्यावर बरे वाटते हे संहिताकाराने रोगाचे लक्षण म्हणून नोंदवले आहे. त्या काळीही चिमटा हा रोजचा उपाय होता, असा त्याचा अर्थ निघतो. दुसरी गोष्ट प्रकाशाची. बुबुळावर ओरखडे पडले की उजेड आणि वारा असह्य होतो, हे आजचा नेत्रवैद्यही रोग्याच्या तोंडून प्रथम ऐकतो. वर्णन करणाऱ्याने असे रोगी स्वतः पाहिले होते, याबद्दल शंका उरत नाही.

८/
उत्तरतंत्राच्या सोळाव्या अध्यायात या रोगाची शस्त्रक्रिया आहे. रोग्याला आधी स्नेहन करून बसवावे. भुवई आणि पापणीचे केस यांमधल्या अंतराचे तीन भाग कल्पावेत. भुवईखालचे दोन भाग सोडावेत, केसांलगतचा एक भाग सोडावा, आणि मधल्या जागी डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पापणीला समांतर, जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी शस्त्राने काढावी. मग सावध वैद्याने केसाच्या धाग्याने जखम शिवावी आणि तूप व मध लावावा.

९/
पुढचा तपशील विशेष सुंदर आहे. कपाळावर एक पट्टा बांधायचा आणि टाक्यांचे धागे त्या पट्ट्याला जोडायचे. जखम भरत असताना पापणी वर ओढलेली राहावी, ही त्यामागची युक्ती. जखम घट्ट झाली की केसांचे टाके काढायचे. एवढे करूनही रोग शमला नाही तर पापणी उलटून तो भाग अग्नीने किंवा क्षाराने डागायचा. किंवा त्रासदायक केसांची ओळ तीन बडिशांनी, म्हणजे आकड्यांनी, धरून कापून काढायची आणि त्या जागी हिरडा किंवा तुवरक घासायचा.

१०/
आणि तरीही हा अध्याय सुरू होतो तो या रोगाला 'याप्य' म्हणून. आयुर्वेदात रोग साध्य, याप्य आणि असाध्य असे वर्गीकृत केले जातात. याप्य म्हणजे उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा, पण समूळ न जाणारा. एका बाजूला इतकी तपशीलवार शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या बाजूला हा कबुलीजबाब. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली ही संहिता डल्हणाच्या टीकेसह छापली. विसाव्या शतकातल्या अनेक वैद्यांनी हा अध्याय त्याच पानांवर वाचला. 'याप्य' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

११/
भूमध्य समुद्राच्या काठावर याच रोगाशी वेगळी माणसे झुंजत होती. ग्रीक वैद्यकाच्या हिप्पोक्रेटिक ग्रंथसंग्रहात सुईदोऱ्याने पापणी वर ओढण्याची पद्धत येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस याने आपल्या 'दे मेदिसिना' या ग्रंथात पापणीच्या केसांवर स्वतंत्र विवेचन केले. केस चुकीच्या जागी उगवत असतील तर तापवलेल्या बारीक सुईने त्याचे मूळ जाळावे, आणि पापणीची कडच आत वळली असेल तर वरची कातडी काढून शिवावी, असे तो सांगतो.

१२/
सेल्ससने आणखी एक पद्धत नोंदवून ती नाकारली आहे. काही वैद्य सुईत बाईचा लांब केस दुमडून ओवीत, ती सुई पापणीच्या कडेतून काढीत, त्या केसाच्या फाशात आत वळलेला पापणीचा केस पकडीत आणि त्याला बाहेर ओढून वर चिकटवून टाकीत. कल्पना चतुर आहे. परंतु पकडायला केस पुरेसा लांब हवा आणि हे केस बहुधा आखूडच असतात, शिवाय रोग्याचे हाल होतात, असा त्याचा आक्षेप आहे. प्रचलित उपचाराला व्यवहाराच्या कसोटीवर घासून पाहणारी ही नजर आहे.

१३/
कातडी किती काढावी, हा सर्वांत अवघड प्रश्न. कमी काढली तर केस पुन्हा आत वळतात. जास्त काढली तर पापणी मिटेनाशी होते, डोळा झोपेतही उघडा राहतो आणि कोरडा पडून निकामी होतो. ग्रीकांनी या अवस्थेला 'सशाचा डोळा' असे नाव दिले, कारण ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी समजूत होती. म्हणून सेल्सस कापण्यापूर्वी शाईने रेघा आखून घ्यायला सांगतो. सुश्रुतसंहितेतली तीन भागांची मोजणी आणि रोममधली शाईची रेघ या दोन्हींमागे भीती एकच आहे. बरे करायला जावे आणि डोळाच जावा, ही ती भीती.

१४/
सातव्या शतकात अलेक्झांड्रियात पौलस ईजिनेता या वैद्याने या शस्त्रक्रियेत एक पाऊल पुढे टाकले. तो पापणी उलटून आतल्या बाजूने, केसांच्या ओळीलगत, आधी एक छेद घेतो. नंतर बाहेरून मर्टल नावाच्या झुडपाच्या पानाच्या आकाराची कातडी काढून शिवतो. इकडे जवाचा दाणा, तिकडे मर्टलचे पान. आकार एकच, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. पण आतून घेतलेला छेद अधिक महत्त्वाचा. दोष मागच्या थरात आहे, याची ती पहिली चाहूल मानता येते.

१५/
ग्रीक ज्ञान अरबी भाषेत आले आणि वाढले. बगदादच्या अली इब्न ईसा याने नेत्रवैद्यांसाठी लिहिलेला 'तझकिरत अल-कह्हालीन' हा ग्रंथ अनेक शतके नेत्रचिकित्सेचे पाठ्यपुस्तक होता. कॉर्दोबाच्या अल-झहरावी याने 'अल-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथात शस्त्राविना करायची एक पद्धत दिली आहे. पापणीच्या कातडीची घडी वेळूच्या दोन काड्यांत धरायची आणि काड्या करकचून बांधायच्या. रक्तपुरवठा तुटून ती कातडी काही दिवसांत मरते व काड्यांसह गळून पडते. कापणे नको असलेल्या रोग्यासाठी हा पर्याय होता.

१६/
इथवरच्या पद्धतींचे सार असे. जवळपास सर्वांचा भर पुढच्या थरावर होता. कातडी आखूड करा, म्हणजे केस वर खेचले जातील. पहिले काही महिने हे काम करतेही. परंतु कातडी ताणाखाली हळूहळू सैल होते आणि मागचा वण मात्र आखडतच राहतो. दाराची बिजागरी वाकली असताना दार बाहेरून दोरीने ओढून बांधावे, तसे हे झाले. दोरी सैल पडली की दार पूर्वीच्या जागी येते. संहिताकाराचा 'याप्य' हा शब्द याच अनुभवातून आला असावा.

१७/
युरोपला या रोगाची खरी ओळख झाली ती युद्धाने. १७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य इजिप्तमध्ये उतरले आणि हजारो सैनिकांचे डोळे आले. १८०१ मध्ये तेथे पोहोचलेल्या ब्रिटिश सैन्याची अवस्था तीच झाली. या 'इजिप्शियन नेत्ररोगात' ट्रॅकोमाबरोबर इतर संसर्गांचेही मिश्रण होते. सैनिक मायदेशी परतले आणि बराकींमधून हा रोग शहरांत पसरला. १८०५ मध्ये लंडनमध्ये जॉन कनिंगहॅम साँडर्स यांनी एक नेत्र दवाखाना उघडला. त्याचेच पुढे मूरफील्ड्स रुग्णालय झाले.

१८/
हिंदुस्थानात त्याचा पडसाद लवकर उमटला. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मद्रासमध्ये नेत्र रुग्णालय स्थापन झाले. जगातल्या सर्वांत जुन्या नेत्र रुग्णालयांत त्याची गणना होते. नेत्रचिकित्सा ही आता वैद्यकाची स्वतंत्र शाखा बनत होती. खाटा होत्या, नोंदवह्या होत्या आणि एकाच रोगाचे शेकडो रोगी एका छताखाली पाहण्याची सोय होती. पापणीच्या शस्त्रक्रियेला आजवर न मिळालेली गोष्ट त्यातून मिळाली. शस्त्रक्रिया झालेला रोगी पुन्हा आला तर तो नोंदीत सापडू लागला.

१९/
एकोणिसाव्या शतकात शल्यविशारद मागच्या थराकडे वळले. लंडनमध्ये स्ट्रीटफील्ड यांनी ताठ पट्टीत खाच पाडून ती बाहेर वाकवली. नेदरलँड्सचे स्नेलेन, ज्यांच्या नावाचा अक्षरांचा तक्ता आजही नजर तपासताना भिंतीवर असतो, त्यांनीही पापणीच्या शस्त्रक्रियेची स्वतःची पद्धत दिली. पाठोपाठ अनेकांनी फेरफार सुचवले आणि शतक संपेपर्यंत पाठ्यपुस्तकांत या एका दुखण्यावर डझनावारी शस्त्रक्रिया जमा झाल्या. एका रोगावर इतके उपाय असणे हे बहुधा एकही पुरेसा नसल्याचे लक्षण असते.

२०/
याच शतकातल्या दोन घटना येथे नोंदवायला हव्यात. अमेरिकेत सेंट लुइसच्या चार्ल्स मिशेल यांनी आत वळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेच्या प्रवाहाने ते मूळ नष्ट करण्याची पद्धत १८७५ मध्ये प्रसिद्ध केली. सौंदर्योपचारात नको असलेले केस काढण्याची विद्युत पद्धत या नेत्रोपचारातूनच जन्मली. दुसरी घटना १८८४ ची. व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. तोवर हजारो वर्षे पापणी कापून घेणारा रोगी हे सारे शुद्धीवर राहून सोसत होता किंवा क्लोरोफॉर्मची जोखीम पत्करत होता.

२१/
दरम्यान खुपऱ्या हा राजकीय प्रश्नही झाला. १८९७ मध्ये अमेरिकेने ट्रॅकोमाला धोकादायक संसर्गजन्य रोगांच्या यादीत घातले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या पापण्या डॉक्टर उलटून पाहत, अनेकदा बुटांची बटणे लावायच्या आकड्याने. आत दाणे दिसले तर माणसाला आल्या जहाजाने परत पाठवले जाई. एका कुटुंबातला एक जण परत आणि बाकीचे आत, असेही घडे. पापणीच्या आतल्या काही मिलिमीटर अस्तरावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरत होते.

२२/
रोगाचे कारण मात्र अज्ञात होते. १९०७ मध्ये हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांनी जावा बेटावर काम करताना रोग्यांच्या पेशींत सूक्ष्म कण पाहिले. पण जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. ते यश १९५० च्या दशकात बीजिंगच्या तांग फेइफान यांना कोंबडीच्या अंड्यांत मिळाले. १९५८ मध्ये त्यांनी तो जंतू स्वतःच्या डोळ्यात घालून रोग होतो हे सिद्ध केले. त्याच वर्षी राजकीय छळाला कंटाळून त्यांनी जीवन संपवले. ज्या जंतूला आज क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस म्हणतात, त्याचा माग लावणारा हा माणूस जगात फारसा ओळखला जात नाही.

२३/
जंतू सापडला, प्रतिजैविके आली. पण ज्यांच्या पापण्या आधीच वळल्या होत्या त्यांना औषधाचा उपयोग नव्हता. वण औषधाने जात नाही, त्याला शस्त्रच लागते. आणि असे रोगी होते ते मोठ्या शहरांपासून दूर, कोरड्या, पाण्याच्या टंचाईच्या प्रदेशांत. त्यांत बायका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ट्रॅकोमाने अंधत्व येण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या चौपटीपर्यंत असते, कारण संसर्ग झालेल्या मुलांच्या सर्वाधिक निकट त्याच असतात. मुलाचे डोळे पुसणाऱ्या पदरातून आईच्या डोळ्यात पुन्हा पुन्हा संसर्ग जातो.

२४/
आता प्रश्न बदलला. डझनभर शस्त्रक्रियांपैकी खरोखर टिकते कोणती? आश्चर्य असे की, साडेतीन हजार वर्षांत त्यांची काटेकोर तुलना कोणी केली नव्हती. ती ओमानमध्ये मार्क रीचर आणि सहकाऱ्यांनी केली. १९९० च्या सुमारास त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रोग्यांची यदृच्छेने विभागणी करून पाच पद्धती पडताळल्या, आणि पुढच्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही थर एकत्र छेदून पापणीची कड बाहेर फिरवण्याची पद्धत सरस ठरली. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची सचित्र पुस्तिका काढली.

२५/
या शस्त्रक्रियेत पापणीच्या कडेपासून सुमारे ३ मिलिमीटरवर, कडेला समांतर, पापणीच्या पूर्ण जाडीतून छेद घेतात. मग टाके असे घालतात की कडेचा तुकडा बिजागरीवर फिरल्याप्रमाणे बाहेर वळतो. कातडी काढून टाकली जात नाही, त्यामुळे 'सशाच्या डोळ्याचा' धोका कमी. पापणी बधिर करायला एक इंजेक्शन पुरते. रुग्णालय नसले तरी चालते. शाळेची खोली, एक टेबल, निर्जंतुक साहित्य आणि शिकलेला हात एवढ्यावर ती होते.

२६/
तो हात कोणाचा असावा, हा पुढचा आणि अधिक नाजूक प्रश्न. इथिओपियात नेत्रतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि रोगी लाखोंनी. तिथे परिचारिकांना व आरोग्य कर्मचाऱ्यांना ही एकच शस्त्रक्रिया शिकवली गेली. डॉक्टर नसलेल्यांच्या हाती डोळा द्यावा का, याचे उत्तर पुन्हा चाचणीनेच मिळाले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथिओपियातील तुलनेत तज्ज्ञ आणि प्रशिक्षित कर्मचारी यांच्या शस्त्रक्रियांनंतर केस परत वळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातला कदाचित सर्वांत मोठा बदल हाच होता, आणि तो शस्त्राच्या पात्यात झालेला नव्हता.

२७/
१९९८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ट्रॅकोमाच्या निर्मूलनाचा ठराव केला. शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरात पाणी व शौचालयांची सोय या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या धोरणाला 'सेफ' हे नाव मिळाले. त्यात शस्त्रक्रियेचे अक्षर पहिले आहे. २००२ मध्ये जगात सुमारे ७६ लाख लोकांच्या पापण्या ट्रॅकोमाने वळलेल्या होत्या. आज ही संख्या २० लाखांच्या खाली आली आहे. २०१२ मध्ये निर्मूलनाची मान्यता मिळवणारा पहिला देश ओमान ठरला. शस्त्रक्रियांची ती तुलना झाली तोच हा देश.

२८/
भारताने १९६३ मध्ये राष्ट्रीय ट्रॅकोमा नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून ट्रॅकोमा हटल्याचे मान्य केले. ही मान्यता मिळण्यासाठी फक्त मुलांचे डोळे स्वच्छ असून भागत नाही. पंधरा वर्षांवरील दर हजार माणसांत आरोग्य यंत्रणेला ठाऊक नसलेले वळलेल्या पापण्यांचे रोगी दोनपेक्षा कमी असावे लागतात, आणि पुढे आढळणाऱ्यांना शोधून त्यांच्यावर उपचार करणारी व्यवस्था उभी असावी लागते.

२९/
अशी व्यवस्था का लागते? बालपणी खुपऱ्या झालेल्या पिढीच्या पापण्यांतले वण अजून आखडत आहेत. जंतू गेला तरी पापणी पुढची काही दशके वळत राहील. आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काहींचे केस पुन्हा आत येतील. २०१६ मध्ये इथिओपियातील १००० रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात बाहेरची कातडी न कापता फक्त आतून छेद घेणारी पद्धत दोन्ही थर छेदणाऱ्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. तरीही एका वर्षात केस परत वळण्याचे प्रमाण पहिल्या पद्धतीत सुमारे १३ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे २२ टक्के होते.

३०/
याच काळात इथिओपियातच आणखी एक चाचणी झाली. ज्यांचे मोजकेच केस डोळ्याला लागत होते अशा १३०० रोग्यांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली गेली, तर काहींना चांगले चिमटे देऊन घरातल्या धारदार नजरेच्या माणसाला केस उपटायला शिकवले. केस परत येण्याचे प्रमाण चिमट्यात अर्थातच जास्त होते. पण दृष्टी राखण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखेच राहिले. शस्त्रक्रिया नको असलेल्या किंवा तिच्यापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या माणसासाठी चिमटा हा मान्य पर्याय ठरला. एबर्स पपायरसमधला उपाय आकडेवारीसह परत आला.

३१/
आता 'याप्य' या शब्दाकडे. संहिताकाराने शस्त्र, अग्नी, क्षार आणि औषध असे चार मार्ग दिले आणि तरीही रोग पूर्ण जाईल असे वचन दिले नाही. आजच्या चाचण्यांतले १३ आणि २२ हे आकडे तीच कबुली वेगळ्या भाषेत देतात. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला पुन्हा पुन्हा पाहावे लागते आणि गरज पडल्यास पुन्हा शस्त्र धरावे लागते. जो वैद्य एकदा कापून निघून जातो, त्याला आपले अपयश कधी दिसतच नाही. म्हणून या इतिहासात शस्त्राइतकीच नोंदवहीही महत्त्वाची आहे.

३२/
बहुतेक शोधांच्या कथा एखाद्या थोर नावापाशी येऊन थांबतात. ही कथा तशी थांबत नाही. जवाच्या दाण्याएवढी कातडी मोजणारा अनाम वैद्य, शाईची रेघ आखणारा सेल्सस, वेळूच्या काड्या बांधणारा अल-झहरावी, स्वतःच्या डोळ्यात जंतू घालणारे तांग फेइफान आणि शाळेच्या खोलीत दिवसभर पापण्या शिवणारी इथिओपियातली परिचारिका हे सगळे एकाच कामातले सहकारी आहेत. ते काम अजून संपलेले नाही. कुठल्यातरी गावात या क्षणी एखादी म्हातारी खिडकी लावून अंधारात बसली असेल, कारण तिला उजेड सोसवत नाही. तिला प्रकाशात परत आणायला दोन्ही डोळ्यांचे मिळून एका तासाचेही काम नाही. तिच्यापर्यंत कोणीतरी पोहोचले पाहिजे, इतकेच.

(समाप्त)